टोपलीतून वर जाणारा चमचा

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची, चौकटींच्या पानांची एक शाळकरी वही आहे. तिच्यात त्रेचाळीस नोंदी आहेत आणि प्रत्येकीला तारीख, वेळ व अनुक्रमांक आहे. इतके काटेकोर काम मी आजवर दुसरे केलेले नाही, आणि इतकी लाज वाटावी असेही दुसरे काही केलेले नाही. वही उस्ता गिरगिस हबशी या गाड्या रंगवणाऱ्या कारागिराविषयी आहे. त्यांनी ती कधी पाहिली नाही. तिच्यात काय आहे हे मात्र एका सकाळी मला त्यांना तोंडाने सांगावे लागले.

उस्ता गेल्या हिवाळ्यात वारले. चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्यांच्या पत्नी, इन्साफमावशी, मला म्हणाल्या, "आता लिही. पण आधी तुझं लिही, मग त्याचं." मावशींनी सांगितलेला हा क्रम मला पाळता येत नाही, कारण त्यांचे सांगितल्याशिवाय माझे कुणाला कळणार नाही. एवढी एक सूट मी घेतो.

त्यांच्या जन्माचा दाखला मी पाहिला आहे: १९४७, मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया. वडील बंदरावर कापसाच्या गासड्या वाहत. बाराव्या वर्षी ते अत्तारीनमधल्या स्तेल्यो नावाच्या ग्रीक रंगाऱ्याकडे कामाला लागले. फवारणीआधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, रंग बायकांच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचा, समुद्राकडून दमट वारा सुटला की हात आवरायचा आणि वाळवंटाकडून खमासीनचे वारे सुटले की दुकानच बंद ठेवायचे, हे सगळे ते तिथे शिकले. १९६२ साली स्तेल्यो बोटीने ग्रीसला, पिरेयस बंदरात, परत गेला आणि जाताना आपली स्प्रेगन या पोराला देऊन गेला. याला लेखी पुरावा नाही. पण ती स्प्रेगन मी हातात घेतली आहे, आणि तिच्या दांड्यावर ग्रीक अक्षरांत कोरलेले नाव मी वाचले आहे.

मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मुहर्रम बेमधल्या एका अरुंद गल्लीत त्यांचे दुकान होते आणि दुकानाच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, त्यांचे घर. अलेक्झांड्रियात रंगारी पुष्कळ आहेत. उस्ता गिरगिसांकडे लोक लांबून येत ते एकाच गोष्टीसाठी. जुन्या गाडीचा मूळ रंग, जो आता कुठल्याही दुकानात डब्यात मिळत नाही, तो ते हाताने कालवून हुबेहूब आणून देत. त्यांचे दुकान भाड्याचे होते, कॉम्प्रेसर दुसऱ्याचा टाकून दिलेला होता. "रंग बरोबर आहे" हा शब्दच काय तो त्यांचा स्वतःचा होता. तो गेला असता तर त्यांच्याकडे उरण्यासारखे काही नव्हते.

त्यांची कामाची एक पद्धत होती आणि तिची गल्लीत कौतुकाने थट्टा चाले. गिऱ्हाईक आले की ते म्हणत, "रंग खाण्यात सांग." मग गिऱ्हाईक म्हणे, तिळाच्या ताहिनीसारखा. काळ्या काकवीसारखा. थंड झालेल्या करकदेहच्या लाल सरबतासारखा, गरम नव्हे. उस्ता मान डोलावत, डबे उघडत, कालवत, आणि एका जुन्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर त्याचा फवारा मारत. तो चमचा वाळला की दोरीच्या टोपलीत ठेवत आणि हाक देत, "इन्साफ!" टोपली वर जाई.

आमच्याकडे टोपली कुणाच्याच सज्ज्याला चुकलेली नाही. भाजीवाला, पाववाला, वर्तमानपत्रवाला, सगळ्यांचा व्यवहार तिनेच चालतो. त्यामुळे चमचा वर जातो यात कुणाला वावगे वाटत नसे. गल्लीची समजूत अशी होती की नवा रंग आधी आपल्या माणसाने पाहावा, म्हणजे त्याला परक्याची नजर लागत नाही. थोड्या वेळाने टोपली खाली येई. तिच्यात चमचा असे आणि बरोबर कधी एखादे लिंबू, कधी वांगे, कधी टोमॅटो किंवा काकडी, आणि शेवटी केव्हातरी रोटीचा तुकडा.

"मावशी उस्तांना हप्त्याहप्त्याने जेवू घालतात," शेजारच्या गाळ्यातला इंजिनाचा मेकॅनिक बयूमी म्हणे. "सकाळी लिंबू, दुपारी वांगं. संध्याकाळपर्यंत माणूस उपाशीच!"

मी तिथे गेलो ते आजोबांची मोटारसायकल घेऊन. १९५८ची जावा, अडीचशे सीसी. आजोबा दमनहूरच्या तार कार्यालयात होते आणि त्यांच्या मागे ती गाडी तीनदा रंगवली गेली होती, शेवटी काळ्या रंगात. मी शहराच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या याद्या करण्याचे काम करतो. गाडीचाही मी दप्तरासारखाच अभ्यास केला होता. कारखान्याचे माहितीपत्रक, त्या वर्षीच्या रंगांची यादी, प्रागच्या एका हौशी गृहस्थाने टपालाने पाठवलेला रंगाचा कपटा, असे सगळे माझ्याजवळ होते. शिवाय टाकीच्या बाजूला गुडघा टेकायला असलेले रबर काढल्यावर त्याखाली अंगठ्याच्या नखाएवढा मूळ किरमिजी रंग सापडला होता. साठ वर्षे त्याला ऊन लागले नव्हते.

मी कागदांची पिशवी दुकानाच्या उंबऱ्यावर उघडली तेव्हा बयूमी हात पुसत आला.

"एवढे कागद? गाडी रंगवायची आहे की शाळेत घालायची आहे?"

"मूळ रंग हवा आहे," मी म्हणालो. "अंदाजे नको. तंतोतंत."

"ऐका उस्ता, डॉक्टर आलेत आपल्याकडे." त्या दिवसापासून मी गल्लीत डॉक्टर झालो. मी डॉक्टर नव्हतो. आजही नाही.

उस्तांनी माझे कागद हातातही घेतले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला, पत्र्याच्या खळग्यांत लांबी कुठे भरली आहे ते बोटांनी चाचपून मला बिनचूक सांगितले आणि मग म्हणाले, "खाण्यात सांग, पोरा."

"उस्ता, हा रंगच आहे ना इथे. हा बघा."

"तो मी बघतो. तू सांग."

मला राग आला. माझ्याजवळ पुरावा होता आणि हा माणूस माझ्याकडे उपमा मागत होता. "बिटाचं लोणचं," मी म्हणालो. "चार दिवस मुरलेलं."

"लोणच्याचं पाणी की बीट?"

"बीट."

ते हसले. दात बरेच पडलेले होते. "डॉक्टर कामाचा आहे, बयूमी. निम्मे लोक पाणी म्हणतात आणि नंतर भांडतात." त्यांनी प्रागचा कपटा टोपलीत टाकला, वर हाक दिली, आणि मला स्टूल पुढे केले. "बस. आठ-पंधरा दिवस लागतील. रोज आलास तरी चालेल. येऊ नको म्हणालो तरी तू येशीलच, तोंडावरून दिसतंय."

मी रोज गेलो. दप्तरखाना दोनला सुटे, अडीचला मी स्टुलावर असे. उस्तांनी टाकी घासून पत्र्यापर्यंत नेली, लांबी भरली, पाणी-पेपरने पुन्हा घासली, अस्तर दिले. मधल्या वेळात ते माझ्यासाठी चहा सांगत, माझ्या आजोबांविषयी विचारत, आणि बयूमी आमच्या दोघांची टिंगल करी. तिथे मला चांगले वाटत होते हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या वहीत ते कुठेच नाही.

वही मी तिसऱ्या दिवशी सुरू केली. टोपली खाली आली, तिच्यात लिंबू होते, आणि उस्तांनी लिंबू बाजूला ठेवून रंगात दोन थेंब पिवळा घातला. दुसऱ्या दिवशी वांगे आले आणि काळ्याचे थेंब पडले. टोमॅटोला लाल, काकडीला हिरवा. रोटीचा तुकडा आला की ते कालवणे थांबवत आणि डब्याला झाकण लावत. मी ताळा पाहण्यासाठी दुसऱ्यांची कामेही मोजू लागलो: एका टॅक्सीचे बॉनेट, एका शिक्षकाची मोपेड, कुणाचा जुना पंखा. टोपलीच्या त्रेचाळीस फेऱ्या झाल्या आणि एकदाही जुळणी चुकली नाही. रंगाचे छोटे डबे फळीवर ओळीने होते. त्यांच्यावरची नावे केव्हाच रंगाखाली गेली होती, पण प्रत्येकाच्या गळ्यात सुतळी बांधलेली होती. तिला लालसाठी एक गाठ, हिरव्यासाठी दोन, पिवळ्यासाठी तीन. उस्ता डबा कधी पाहून उचलत नसत. त्यांचा अंगठा आधी सुतळीवरून फिरे. आणि टोमॅटो घेताना ते भाजीवाल्याला नव्हे, बयूमीला विचारत, "यातला पिकलेला कोणता रे?"

मला उमगले ते एवढेच की शहरातला सर्वांत नावाजलेला रंग जुळवणारा लाल आणि हिरवा वेगळे ओळखू शकत नाही, आणि रंग तो जुळवत नाही, वर बसलेली त्याची बायको जुळवते.

इथे थांबता आले असते. मला माझा रंग मिळणार होता आणि तो बरोबर असणार होता. पण दप्तरखान्यात आम्हांला एक सवय लागते. एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याने तो पडताळायचा. त्रेचाळीस नोंदींनी अनुमान निघत होते, सिद्ध होत नव्हते. मला सिद्ध करायचे होते. कुणासाठी, हे मी स्वतःला विचारले नाही.

गुरुवारी दुपारी उस्ता थिनर आणायला निघाले. शेवटची जुळणी बाकी होती. आदल्या दिवशीच्या चमच्याबरोबर मावशींनी टोमॅटो पाठवला होता, म्हणजे थोडा लाल वाढवायचा होता. "दुकानाकडे बघ, पोरा," ते म्हणाले, "मांजर आत आलं तर हाकल. रंगावर पाय देतं."

ते कोपऱ्यावरून वळल्यावर मी उठलो. लाल डब्याची सुतळी सोडली आणि हिरव्याच्या गळ्यात बांधली, हिरव्याची लालच्या. एक मिनिटही लागले नाही. मग स्टुलावर येऊन बसलो आणि वहीच्या समासात नुसती वेळ लिहिली.

उस्ता परतले तेव्हा दुकानासमोर दोन टॅक्सीवाले उभे होते. त्यांतल्या एकाचे बॉनेट आत वाळत होते. मोपेडवाला शिक्षकही होता, बयूमी चहा पीत होता. उस्तांनी बाही वर केली, एका गाठीची सुतळी शोधली, डबा उचलला, किरमिजी रंगात धार सोडली. ढवळले. आणखी सोडले. मी पाहत होतो. रंग माझ्या डोळ्यांदेखत मेला, काळपट शेवाळी झाला, आणि ते ढवळत राहिले, गुणगुणत. टॅक्सीवाले आपापसांत बोलत होते, त्यांचे लक्ष नव्हते. उस्तांनी चमच्यावर फवारा मारला, पंख्यासमोर धरला, टोपलीत ठेवला.

"इन्साफ!"

टोपली वर गेली. मग मावशी कठड्यावरून वाकल्या, हातात चमचा धरून, आणि नेहमीच्या, सहज, भाजीवाल्याला मारावी तशा आवाजात ओरडल्या, "गिरगिस! अरे, ही मुलूखियाच्या पाल्याची पातळ भाजी कुणाची? डॉक्टरचा चमचा कुठाय?"

टॅक्सीवाले हसले. बयूमीही हसला.

"तोच तर डॉक्टरचा," उस्ता खालून म्हणाले.

मावशींचा हात तोंडावर गेला. टोपली घाईने खाली आली. एका टॅक्सीवाल्याने चमचा उचलून उन्हात धरला. "उस्ता, हा तर हिरवा आहे!"

उस्तांनी चमचा त्याच्या हातातून घेतला. चष्मा खाली केला. दारात, भर उन्हात उभे राहून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हिरवा?" त्यांनी विचारले.

ते थट्टेत विचारत नव्हते. म्हणूनच सगळ्यांचे हसणे थांबले. ज्याला जे कळायचे ते त्या एका शब्दात कळले. बयूमीने चहाचा पेला खाली ठेवला. टॅक्सीवाला आपल्या बॉनेटकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू ते रात्रीतून रंग बदलेल.

मग उस्ता माझ्याकडे वळले. "माफ कर, पोरा. सुतळ्या माझ्याच हातून अदलाबदल झाल्या असतील. वय झालं." आणि ते फळीजवळ गेले आणि सर्वांसमोर एकेका सुतळीवरून अंगठा फिरवू लागले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी तेव्हा तोंड उघडायला हवे होते. "मी बदलल्या" एवढेच म्हणायचे होते. माझ्या खिशात वही होती आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो. "काही हरकत नाही, उस्ता," मी म्हणालो. मी त्यांना क्षमा केली! हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

टॅक्सीवाल्याने बॉनेट अर्धवट तसेच नेले. घाई आहे म्हणाला. शनिवारी मोपेड गेली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन कामे आली नाहीत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मी माझ्या कानांनी ऐकले, "म्हाताऱ्याला कधीच दिसत नव्हतं म्हणे. बायको सांगायची. चाळीस वर्षं आपण येडे बनलो." कुणीतरी त्यांच्या दुकानासमोर थांबून हिरवी मिरची दाखवली आणि विचारले, "उस्ता, ही कच्ची की पिकलेली?" बयूमीने त्याला पाना घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवले. उस्ता माझी टाकी रंगवायला घेत नव्हते. स्टुलावर बसून सुतळ्या चाचपत. मी जाणे कमी केले, कामाची सबब सांगून.

दहाव्या दिवशी मावशींनी मला वर बोलावले. त्या शिंपीण होत्या, शिवणयंत्र सज्ज्याच्या दाराशी होते. त्यांनी यंत्रावर दोन सुतळ्या ठेवल्या.

"या मी बांधल्या होत्या. माझी गाठ गोल असते, सुईच्या दोऱ्याची. आणि हे टोक बघ. डब्याला बांधताना कुणी चपटी गाठ मारलीय, दोन फास देऊन. अशी गाठ कोण मारतं, ठाऊक आहे? चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणायला मी एकदा तुमच्या दप्तरखान्यात आले होते. तिथे प्रत्येक गठ्ठ्याला अशी गाठ होती."

मी मान खाली घातली.

"का केलंस, ते मला नको सांगू. ते मला कळतं. लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्याला लाल दोऱ्याचं रीळ आणायला धाडलं. हिरवं घेऊन आला, हसत. मी म्हटलं हे काय, तर याच यंत्राशी बसून रडला. स्तेल्योने एकदा त्याला लाल गाडीला हिरवं मडगार्ड लावलं म्हणून थोबाडीत मारली होती, तेव्हापासून तो लपवत होता. मग आम्ही टोपली काढली. तुला वाटतं रंग मी जुळवते. मला कालवता येतं का रे? किती थेंब, किती पातळ, वाळल्यावर किती उतरेल, हे मला कधी कळलंय? मी फक्त सांगते काय कमी आहे."

"मी काय करू, मावशी?"

"त्याला खरं सांग. आणि गल्लीला खोटं सांग. दोन्ही. आधी त्याला."

"गल्लीला काय सांगू?"

"तो रंग तूच मागितला होतास, असं."

मला आठवते, त्या क्षणीही माझ्या मनात आधी आले ते हे, की मग गाडी कायमची चुकीच्या रंगाची राहील. जिच्यासाठी मी दोन वर्षे कागद जमवले ती गाडी. हेही नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तांसमोर मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. सुतळ्या, वही, तिसरा दिवस, मांजराकडे लक्ष ठेव म्हणाले होते तो गुरुवार, आणि गल्लीला सांगायचे मावशींनी सुचवलेले खोटे. ते ऐकत होते, हातातला पाणी-पेपर घडी करत.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," शेवटी ते म्हणाले.

"नाही, उस्ता."

"दहा दिवस झोपलो नाही मी." मग म्हणाले, "किती वेळा मोजलंस?"

"त्रेचाळीस."

"त्या त्रेचाळीसमध्ये शेवटचा रंग किती वेळा चुकला? गिऱ्हाइकाने परत आणलं, असं किती वेळा?"

"एकदाही नाही."

"ते लिहिलंयस?"

मी वही उघडून पाहिली नाही. गरज नव्हती. लिंबे लिहिली होती, वांगी लिहिली होती, वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती. काम कसे उतरले यासाठी मी रकानाच आखला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू मी एखाद्या गावाचा पत्ता सांगितला होता. मग फळीवरून त्या गुरुवारचा डबा काढला, झाकण उघडले आणि मोजा गाळणीवर चढवला.

गल्लीला खोटे सांगायला शोधावे लागले नाही. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून लोक आपणहून आले. टाकीवर तो काळपट शेवाळी रंग बसत होता, एकसारखा, एकही ओघळ नसलेला, इतका नितळ की त्यात सज्जा उलटा दिसत होता.

"हे काय, डॉक्टर?" बॉनेटवाला टॅक्सीवाला म्हणाला. "तुम्ही तर बीट-बीट करत होतात."

"नंतर बदललं," मी मोठ्याने म्हणालो. "आजोबांची गाडी मुळात याच रंगाची होती. कागद सापडला. उस्तांना मीच सांगितलं होतं, मावशींना माहीत नव्हतं."

"मग त्या दिवशी तोंडाला कुलूप का होतं?"

"लाज वाटली," मी म्हणालो. त्या संपूर्ण निवेदनात हे दोन शब्द खरे होते.

"असल्या रंगाची वाटायलाच हवी!" बयूमी ओरडला आणि त्याने हसण्याला सुरुवात करून दिली. "लोकहो, हा दप्तरातला माणूस मुलूखियावर बसून समुद्रकाठच्या कोर्निशवर फिरणार! मागे ससा बांधा कुणीतरी, मुलूखियात शिजवायला, म्हणजे ताट पुरं होईल!"

ते हसत असताना तो माझ्याशेजारी आला आणि नुसत्या ओठांनी म्हणाला, "त्यांना टोमॅटो मी वीस वर्षं निवडून देतोय, गाढवा. तुला काय वाटलं, तुलाच कळलं?"

सगळ्यांनी विश्वास ठेवला असे मी म्हणणार नाही. पण खोटे सोयीचे होते आणि डोळ्यांपुढे एका टाकीचा पुरावा होता. टॅक्सीवाला बॉनेट घेऊन परत आला. मोपेडवाला आला नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी ती दारात उभी केली आणि थांबलो. उस्ता काम संपल्यावर गिऱ्हाइकाला विचारत, "बरोबर आला?" सगळ्यांना विचारत. मी माझे उत्तर तयार ठेवले होते. ते आत हात धूत राहिले आणि धुऊन झाल्यावर दुसऱ्या कामाला लागले.

पुढची तीन वर्षे मी अधूनमधून तिथे जात राहिलो. गाडी तीच होती, अजून तीच आहे. रस्त्यात लोक विचारतात हा कारखान्याचा मूळ रंग का, आणि मी हो म्हणतो. उस्ता मला स्टूल देत, चहा मागवत, आईची विचारपूस करत. मात्र मी बसलो की ते फळीकडे जात, खुंटीवरची जुनी चादर काढत, रंगाच्या सगळ्या डब्यांवर टाकत, आणि मी उठेपर्यंत कालवण्याचे काम हाती घेत नसत.